ईनबाईंची ऑर्गेंझा

आमच्या लहानपणी साडीचं नाव म्हणजे गावाचं नाव. पैठणी पैठणची, महेश्वरी महेश्वरची, नारायणपेठ नारायणपेठची. माझ्या आईकडे एक चंदेरी होती. चंदेरी हे गाव कोणत्या दिशेला आहे हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण तिथल्या माणसांचा हात चांगला आहे असं ती खात्रीनं सांगायची. त्यामुळे शकुनबाईंनी भर साक्षगंधात 'ऑर्गेंझा' असं म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हे गाव आलं कुठं?

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माझ्या लेकीचा होता, प्रणालीचा. मुलगा अकोल्याचा, अमोल नावाचा, आणि शकुनबाई त्याची आई, म्हणजे आमच्या ईनबाई. आमच्या वऱ्हाडात विहिणीला ईन म्हणतात. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून जवळ. साल दोन हजार सहा.

त्या वर्षांबद्दल आता पुष्कळ लिहून झालं आहे, मी काही वेगळं सांगणार नाही. कापसाला भाव नव्हता, बियाण्याला होता, आणि सकाळचा पेपर आधी घरातल्या मोठ्या माणसानं वाचून मग बाकीच्यांच्या हाती द्यायचा असा कितीतरी घरांत रिवाज पडला होता. पण म्हणून मुली मोठ्या व्हायच्या थांबत नव्हत्या. लग्नं होत होती, फक्त आखडली होती. आमचं आणि अकोलेकरांचं बोलणं झालं तेव्हा दोन्हीकडून एकमतानं ठरलं, की बँड नाही, मानपान नाही, आणि बस्त्यात फक्त पाच साड्या.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं एका दुकानात, एका गादीवर मांडीला मांडी लावून बसतात आणि एकमेकांसमोर एकमेकांसाठी कापड निवडतात. पूर्वी एकेका बस्त्यात तीस-चाळीस लुगडी असायची. त्यात एखादं पोतेऱ्यासारखं निघालं तरी गठ्ठ्यात खपून जायचं. पाचात काय लपणार? तीन नवरीच्या, एक त्यांच्याकडून मला, आणि एक आमच्याकडून ईनबाईंना.

तीच एक.

साक्षगंधाचं जेवण झाल्यावर आमच्या ह्यांनी, नत्थुजींनी, मोठ्या मनानं विचारलं, "ईनबाई, साडी कोणती पायजे थे आताच सांगून ठेवा. मागून रुसवा नको."

शकुनबाईंनी पदर सारखा केला. ठसठशीत बाई, बसल्या की सतरंजीचा कोपरा भरून जायचा. म्हणाल्या, "मले कायची हौस बाप्पा! पण घ्यायचीच हाये, तं एखादी ऑर्गेंझा घ्या."

खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. पुरुषांनीही हलवल्या. मीही हलवली. आणि आमचे हे तर असे बोलले, की जणू आमच्या गोठ्यात ऑर्गेंझा बांधलेल्या आहेत, "घेऊ न! ऑर्गेंझाच घेऊ!"

पाहुणे गेले आणि हे माझ्याकडे वळले. "काय वं, हे ऑर्गेंझा आलं कुठी?"

"नागपूरच्या पल्याड असन," मी म्हटलं.

"मंग आपला गोवर्धन जाते न ट्रक घेऊन रायपूरपर्यंत. त्याले सांगतो, रस्त्यात उतरून घे म्हणा."

"बाबा, थे गाव नाही," प्रणाली म्हणाली. ती अमरावतीला बी.ए. झाली होती.

"मंग काय हाये?"

"थे मले नाही माहीत. पण गाव नाही."

हे हसले, पण ती हसली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तुमी हसून राहिले, पण मले तिथं रायचं हाये. साडी चुकली न, तं त्या घरातलं पयलं वाक्य मले थेच ऐकू येईन. तुह्या मायले साडी समजली नाही म्हणून."

तिचं खोटं नव्हतं. आमच्या शेजारच्या गंगूबाईची मुलगी दर्यापूरकडे दिली. तिच्या सासूच्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला. तिला आता दोन पोरं झाली, तरी ती सासरी 'रंग जाणाऱ्या घरची'. भाजी अळणी झाली की रंग गेला, दूध नासलं की रंग गेला. पोरगी माहेरी आली की हसत हसत सांगायची, पण ते हसणं ऐकवत नसे.

तुम्ही म्हणाल, ईनबाईंनाच विचारायचं. पण मुलीच्या आईनं कसं विचारावं? आधी हो म्हणून मान हलवून बसलेली होते मी.

मग आम्ही दोघी मायलेकी ऑर्गेंझा शोधायला निघालो. नांदगावात खुशालरावांच्या दुकानात विचारलं. तोंडात पान होतं म्हणून ते बोलले नाहीत, पण एक लाल चकचकीत टिकल्यांची साडी समोर फेकली आणि 'हीच' अशी मान केली. अमरावतीला आलो. पहिल्या दुकानात सांगितलं, ऑर्गेंझा म्हणजे जाड रेशीम, हिवाळ्यात नेसायचं. पुढच्या दुकानात स्टुलावर एक पोरगेला माणूस बसला होता. तो म्हणाला, "आंटी, ऑर्गेंझाची फॅशन गेली. आता दुसरं घ्या." दुसरं म्हणजे काय, तर त्याच्याकडे होतं ते. तीन दुकानं फिरलो आणि तीन ऑर्गेंझा झाल्या, एक लाल, एक जाड आणि एक फॅशनमधून गेलेली. 'आमच्याकडे नाही' असं मात्र कोणी म्हणालं नाही. बाजारात 'माहीत नाही' हा शब्द कोणी ठेवतच नाही.

शेवटी तिथल्या इतवारा बाजारात अब्दुल गफ्फारभाईंकडे गेलो. खरं म्हणजे आधी तिथंच जायला हवं होतं. माझ्या लग्नाचा बस्ता त्यांच्या वडिलांनी बांधला होता. पण गफ्फारभाईही नाही म्हणाले तर मग कुठं जायचं, या भीतीनं मी ते दुकान शेवटी ठेवलं होतं. आमचे हे बाजार समितीतून परस्पर तिथं येऊन बसले होते आणि चहा पीत होते.

मी विचारलं. गफ्फारभाईंनी चष्मा कपाळावर घेतला.

"वहिनी, तुमच्याशी झूट नाही बोलत. नाव ऐकलं हाये, माल कधी ठेवला नाही. गिऱ्हाईकच नाही न." मग वर पाहून हाक मारली, "परवीन! ओ परवीन! वो कुरकुर कपडा लेके आ जरा."

परवीन त्यांची मुलगी. दुकानाच्या माळ्यावर मशीन टाकून लग्नाचे कपडे शिवायची. तोंडात दोन टाचण्या धरून ती जिना उतरली, हातात चिंध्यांची पिशवी. टाचण्या ओढणीला लावल्या आणि पिशवीतून एक मोतिया रंगाचा तुकडा काढला. तुकड्याच्या मधोमध एक भोक होतं, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं.

"हे भोक नक्षीचं हाये का?" ह्यांनी विचारलं.

"नाही काका, हे माह्या अकलेचं हाये," परवीन म्हणाली. "मले बी मागच्या महिन्यातच समजलं. सुती समजून गरम इस्तरी ठेवली. इस्तरी खाली गेली, कपडा वर राह्यलाच नाही. दुल्हनची माय अजून बोलत नाही माह्याशी."

"म्हणजे ऑर्गेंझा हेच?"

"हेच. घ्या मावशी, मुठीत दाबा."

मी दाबला. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीतून चालताना येतो तसा आवाज आला. मूठ उघडली तर तुकडा तळहातावर उठून उभा राहिला, जणू मी त्याला काही केलंच नव्हतं.

"हे गावाचं नाव नाही का?"

"नाही न मावशी. मलमल कसं, मखमल कसं, तसं कपड्याचं नाव. धाग्याले लय पीळ देतात आन् पातळ विणतात, म्हणून असं अकडून राह्यते. रेशमाची असते, नायलॉनची बी असते." मग तिनं मला तो शब्द वापरून दाखवला, "ऑर्गेंझाच्या बाह्या. ऑर्गेंझाचा दुपट्टा. जिथं कपडा उभा पायजे, तिथं ऑर्गेंझा. जिथं अंगाले बसला पायजे, तिथं नाही."

मी शाळेतल्यासारखं मागून म्हटलं. ऑर्गेंझाच्या बाह्या. ऑर्गेंझाचा दुपट्टा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नवा शब्द तोंडात बसला की बरं वाटतं, कुळथातला खडा निघून जाऊन दाणा लागावा तसं.

ह्यांनी तो तुकडा डोळ्यासमोर धरला. "याच्यातून तं मले पूरं दुकान दिसून राह्यलं. गफ्फारभाई बी दिसून राह्यले." मग गंभीर झाले. "पोरी, कापूस हाये का याच्यात?"

"नाही काका."

"एकही धागा नाही?"

"एकही नाही."

ह्यांनी तुकडा नीट घडी करून तिला परत दिला. "वा रे दुनिया. जल्मभर कापूस पिकवला, आन् पोरीच्या लग्नात ईनीले हे नेसवायचं."

माझ्या मनात मात्र वेगळंच येत होतं. शकुनबाई, अकोला आणि लग्नाचा मे महिना ही तीन नावं मी त्या तुकड्याशेजारी ठेवून पाहत होते, आणि ती काही केल्या जुळत नव्हती. या बाईनं ऑर्गेंझा कधी हातात तरी घेतली असेल का? पण तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता. मागितलं ते आणायचं. गफ्फारभाईंनी नागपूरहून एक साडी मागवून ठेवायचं कबूल केलं, मोतिया रंगाचीच.

बस्त्याच्या दिवशी अकोलेकर सकाळच्या गाडीनं आले. शकुनबाई आणि त्यांची एक नणंद. आधी चौकात सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला, कारण उपाशी पोटी बस्ता बांधला की भांडणं होतात, हा माझा अनुभव. मग गफ्फारभाईंच्या पांढऱ्या गादीवर सगळे बसलो. नवरीचा शालू आधी उघडला, त्याला कुंकू लावलं. प्रणालीच्या तीनही साड्या सुखरूप पार पडल्या.

मग माझी. मी वायल सांगून ठेवली होती. गफ्फारभाईंनी एक जांभळी काढली, बारीक जरीकाठाची. सुती, मऊ, मुठीत धरली तर मांजरीच्या पिल्लासारखी गोळा होणारी. ती गादीवर तशीच उघडी राहिली, कारण तेवढ्यात गफ्फारभाई म्हणाले, "आता समधीणबाईंची. खास नागपूरहून मागवली." आणि त्यांनी डबा उघडला.

साडी डब्यातून बाहेर आली ती फुगतच आली. गफ्फारभाईंनी रिवाजाप्रमाणे एक पदर शकुनबाईंच्या खांद्यावर टाकला. तो खांद्यावर टेकला नाही, खांद्याच्या वर उभा राहिला, पतंग तारेवर अडकतो तसा. शकुनबाईंनी समोरच्या आरशात पाहिलं. पदरातून त्यांच्या आधीच्या साडीची फुलं दिसत होती, ब्लाउजची बटणं दिसत होती, आणि त्यांच्या नणंदेचं उघडं राहिलेलं तोंडही दिसत होतं.

"अवो वयनी," नणंद म्हणाली, "हे तं आरपार हाये."

"तशीच असते ऑर्गेंझा," शकुनबाई म्हणाल्या. आवाज असा, जसा कडू काढा घेतल्यावर 'बरं वाटून राह्यलं' म्हणतात. "छान हाये. मले तं... छानच वाटून राह्यली."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला ते वाक्य सरळ लिहिलेलं दिसलं. उद्या ही साडी नेसून ही बाई उकाड्यात शिजणार, चार माणसांत हसं होणार, आणि त्याचा राग कोणावर निघणार? जिच्या मायनं आणली तिच्यावर.

तेवढ्यात मला शकुनबाईंचा डावा हात दिसला. उजव्या हातानं त्या ऑर्गेंझाचा पदर खाली दाबत होत्या, पण डावा हात गादीवर, माझ्या जांभळ्या वायलवर होता. बोटं तिच्यात रुतली होती आणि सुटत नव्हती. त्यांना स्वतःलाही ते माहीत नसावं.

मी मोठ्यानं म्हटलं, "गफ्फारभाई, तुमी बी काय करून राह्यले! ऑर्गेंझा थे नव्हे. ऑर्गेंझा ईनबाईच्या डाव्या हातात हाये, थे."

माळ्यावरचं मशीन थांबलं.

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं, वायलकडे पाहिलं, शकुनबाईंच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. इतकी वर्षं गादीवर बसलेला माणूस. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "या अल्ला! डब्बा बदल गया! वहिनी, माफ करना. बराबर, असली ऑर्गेंझा तं हेच हाये, जांभळी."

"पण वं," आमचे हे वायलचा काठ दोन बोटांत धरून म्हणाले, "याच्यात तं चांगला लांब धाग्याचा कापू—"

"तुमी चहा घ्या," मी त्यांच्या हातात कप दिला. माझाच, भरलेला. त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता इतका गरम चहा घेतला आणि पुढचं वाक्य त्यातच बुडालं. जिन्यावर परवीन ओढणीचं टोक दातात धरून बसली होती.

शकुनबाईंनी खांद्यावरचा मोतिया पदर सावकाश उतरवला. माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते सांगायचं तर, दोन बायका एकाच विहिरीवर एकाच वेळी घागर घेऊन आल्या की आधी कोण भरणार ते जसं न बोलता ठरतं, तसं काहीतरी.

"तेच तं मी म्हणून राह्यले," त्या नणंदेला म्हणाल्या. "ऑर्गेंझा अशी कडक कशी असन? हे पाह्य, हात लाव. हे असते."

नणंदेनं हात लावला. "हो वयनी. फरक हाये."

आता प्रश्न उरला त्या मोतिया साडीचा. नागपूरहून मागवलेली, परत जाणार नव्हती. आणि माझी वायल तर गेली. "मग ही मले द्या," मी म्हटलं. "साधी हाये, पण चालन."

आमच्याकडे रिवाज असा, की व्याह्यांनी दिलेली साडी स्वागत समारंभाला नेसायचीच. लग्न आमच्या गावी झालं आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला समारंभ. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि पाहिलं असेल त्याला सांगायची गरज नाही. त्या उन्हात मी खरी ऑर्गेंझा नेसून उभी होते. साडी माझ्याभोवती तंबूसारखी होती. मी डावीकडे वळले की ती थोड्या वेळानं वळायची. बसायला मला दोन खुर्च्या लागल्या. आमचे हे जवळून जाताना म्हणाले, "वाजून राह्यली वं तू."

शकुनबाई मात्र जांभळ्या वायलमध्ये मांडवभर फिरत होत्या, वाऱ्यासारख्या.

आणि तेवढ्यात त्यांची नागपूरची जाऊ आली. त्या जाऊबाईंना पाहिलं आणि मला सगळा उलगडा झाला. गुलाबी ऑर्गेंझा, कूलरच्या अगदी तोंडाशी खुर्ची, आणि दोन्ही हातांनी साडी अंगापासून लांब धरलेली. मागच्या एका लग्नात याच साडीनं शकुनबाईंचा जीव जाळला असणार, आणि तेव्हा त्यांनीही फक्त नाव विचारलं असणार. हात कोण लावू देतं?

जाऊबाईंनी वायलचा पदर चिमटीत धरला. "शकुन, कोणती गं ही?"

"ऑर्गेंझा."

"ही?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अगं, ऑर्गेंझा तर यांची आहे. माझ्यासारखी."

दोन पावलांवर प्रणाली उभी होती, हातात आहेराचा डबा, आणि तिचा चेहरा त्या मोतिया कापडासारखा झाला होता.

शकुनबाई अजिबात हलल्या नाहीत. पदर सोडवून घेतला, खांद्यावर टाकला. तो बसला, शहाण्यासारखा.

"तुमची नागपूरची असन बाई," त्या म्हणाल्या. "आमची अमरावतीची हाये."

जाऊबाईंनी मान हलवली. आमच्याकडे साडीच्या बाबतीत गावाचं नाव घेतलं की पुढं कोणी बोलत नाही.

दोन दिवसांनी प्रणालीचा फोन आला. मी आधी आवाज ऐकला, रडते आहे का ते पाहिलं. रडत नव्हती.

"आई, पयलं वाक्य ऐकलं मी."

"काय म्हणे?"

"सकाळी मी आंघोळ करून आली, तं सासूबाई मोरीत उभ्या. ती जांभळी बालदीत भिजवलेली. मले म्हणे, सूनबाई, माही ऑर्गेंझा हाये, पिळजो नको, तशीच वाळत घाल."

"मग तू काय म्हणाली?"

"हो आई म्हणलं. मंग मी तिकडून तोंड फिरवलं, त्यायनंही फिरवलं. दोघी हसत होतो आई, पण दोघीनं आवाज नाही केला."

मागून शकुनबाईंचा आवाज आला, "ईनबाईले विचार वं, त्यायची थे साधी साडी कशी हाये म्हणा?"

मी माझ्या खोलीतल्या खुंटीकडे पाहिलं. घडी राहत नव्हती म्हणून ती तिथं टांगली होती, आणि आत कोणी नसताना तशीच उभी होती.

"सांग त्याईले," मी म्हटलं, "उभी हाये."